खालचा चौकोन

सापगाव, तालुका शहापूर
१२ जानेवारी २०२६, सोमवार

माझी बाय रुचिता,

तुला आजीचे पोटभर आशीर्वाद. इकडे सगळी बरी आहोत, एक शेळी सोडून. तिच्या खुरात काटा मोडला होता. तो काढला, पण ती अजून लंगडायचं सोंग करते, म्हंजे तिला भाकरीचा तुकडा मिळतो. तू बरी असशीलच. थंडीत कान झाक.

तू सांगितलंस तसं हे पत्र हातानं लिहिते आहे. पेन तुझंच, फळीवरच्या डब्यातलं निळं. रविवारी तू फोनवर म्हणालीस, "आजी, आमच्या युनिव्हर्सिटीत सात फेब्रुवारीला कार्यक्रम आहे, सगळ्या देशांतल्या मुलांनी आपापल्या घरचं पत्र आणायचं, आपल्या भाषेत वाचायचं, मग ते भिंतीवर लावणार." मी म्हटलं मास्तरणीकडनं चांगल्या अक्षरात लिहून घेते. तर तू म्हणालीस, "नको, तुझंच अक्षर पायजे. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, माझ्या आजीला लिहिता-वाचता येतं." ते ऐकून मी शेजारच्या ठमीच्या ओटीवर बसल्या बसल्या इतकी हसले की ठमी म्हणाली, "काय गो गिरजे, लॉटरी लागली काय?"

लॉटरीच ती. चौथी शिकलेली मी, नि ते पण पन्नास वर्सांपूर्वी, विसरून पण गेले होते. तू पयलीत होतीस तवा रोज शाळेतनं आलीस की मला पाटीवर गिरवायला लावायचीस, आणि चुकलं की माझ्याच लाटण्यानं मला धाक दाखवायचीस. 'ळ' काढताना माझा हात अजून अडकतो. तिकडच्या लोकांना सांग, ह्या बाईची गुरू मीच.

आता सभेत वाचायचं म्हंजे काय लिहू? आपल्याकडचं सांगते. ह्या वर्सी भात चांगलं झालं. झिनी, आपला बारीक तांदूळ, जरा कमी आली पण दाणा भरलेला. झोडणी झाली, पेंढा रचला, आता बांधावर वाल फुलले आहेत. सकाळी धुकं असतं, तर नदीकडचं काय दिसत नाय, फक्त ढोरांच्या घंटा ऐकू येतात. तुझी मुरबाडची आत्या वत्सला येऊन गेली, तिनं उकडलेल्या वालाची आमटी केली नि म्हणाली, "रुचिता असती तर तीन वाट्या प्याली असती." मंग आमी जेवलो.

तुझ्या जपानातल्या गावाचं नाव मला आधी येत नव्हतं. तुझा बाप म्हणाला, "आये, निगाता." मी म्हटलं, कुठं निगता? मला वाटलं तो मला इचारतो. मेलं गावाचं नावच असं की ऐकलं की माणूस पिशवी उचलेल. पण तिथं भात पिकतं हे बरं झालं. तू फोटो पाठवलास ना बर्फाखालच्या शेताचा, तो मी ठमीच्या सुनेला मोठा करायला लावला. बांध ओळखू आला. बर्फ किती का पडंना, बांध म्हंजे बांधच. तांदूळ मात्र त्यांचा गोळा होतो, काड्यांनी खायचा म्हणून तसा करत असतील. तुझ्या पोटाला चालतो ना? झिनीचा भात कसा मोकळा होतो ते त्यांना सांग. मी एक डबा नव्या झिनीचा बाजूला काढून ठेवला आहे, तू मार्चमधी आलीस की...

ते राहू दे. आयाचं सांगते, सभेतल्या लोकांना आवडेल, त्यांच्याच गावची पोर ती.

वाचणाऱ्यांना माहीत नसेल म्हणून लिहिते. गेल्या आवणीत, म्हंजे आमी रोप उपटून चिखलात लावतो तवा, रुचिताच्या इकडच्या युनिव्हर्सिटीतनं चौदा परदेशी पोरं बस भरून आमच्या गावात आली होती. त्यांचा जागतिक सप्ताह होता. चार दिवस त्यांनी शहरात भाषणं ऐकली, नि पाचव्या दिवशी रुचितानं त्यांना माझ्या चिखलात आणून उभं केलं. मी म्हटलं, अगो, भाषणं ऐकून दमलेली पोरं, त्यांना कशाला राबवतेस? ती म्हणाली, "आजी, ह्यालाच शिकणं म्हणतात." मंग मी तर डॉक्टरीणच झाले असेन.

त्यात एक बारीकशी पोर होती. मी नाव इचारलं, तर म्हणाली, "आया." मी म्हटलं इतकीशी तू नि कसली आया, कोणाची पोरं सांभाळतेस? सगळे हसले, ती पण हसली, तिला काय कळलं देव जाणे. पण रोप लावायला वाकली तर हात बघत राहिले मी. तीन बोटांत धरून अंगठ्यानं दाबायचं, आमी दाबतो तसंच. तिच्या आजीनं शिकवलेलं. मी तिची आजी बघितली नाय, ती मला बघणार नाय, पण अंगठा एकच.

संध्याकाळी बस सुटताना ती माझ्यापाशी आली, दोन्ही हात मांड्यांवर ठेवून वाकली, नि मराठीत म्हणाली, "येते, आजी." रुचितानं शिकवलं होतं. आमच्यात निघताना जाते म्हणत नाय. जाते म्हटलं की गेलंच. येते म्हणायचं, म्हंजे पाय परत वळतो. तसंच आमी डब्यातले तांदूळ संपले म्हणत नाय, वाढले म्हणतो. कुंकवाचा करंडा रिकामा असला तरी भरलेला आहे म्हणतो. तुमाला वाटेल ह्या बायका खोटं बोलतात. खोटं नाय. नाय हा शब्द घरात कमी वापरायचा, इतकंच.

तिकडच्या सगळ्या पोरांना माझे आशीर्वाद. कान झाका.

इथं मी रेघ मारते. सभेत इथपर्यंतच वाच. रेघेखालचं तुझ्या एकटीचं आहे.

—————

१४ जानेवारी, संक्रात

दोन दिवस कागद तसाच उशीखाली होता. आज तिळगूळ केला. गूळ जास्त झाला नि लाडू दगडासारखे झाले. ठमीनं एक तोंडात घातला नि तासभर गप्प बसली, तेवढाच फायदा.

तुझा आजपण फोन आला, ठमीच्या सुनेच्या फोनवर. तुझा बाप घरात होता. तुला एक गोष्ट माहीत नाय, ती सांगते. तुझा फोन ठमीकडं आला की तो आपल्या अंगणात रिक्षा धुवायला लागतो. धुतलेली रिक्षा परत धुतो. कारण अंगणातनं ठमीच्या ओटीवरचं ऐकू येतं. तुझं नाय, माझं. म्हणून मी मोठ्यानं बोलते, "जेवलीस का गो? काय जेवलीस? मासे? बरं, मासे." तुला वाटतं आजीला कमी ऐकू येतं. मला चांगलं ऐकू येतं.

महिना झाला तू बापाशी बोलली नाहीस. आसनगाव स्टेशनवर रिक्षावाले त्याला इचारतात, "दिपेश, पोरगी काय म्हणते जपानची?" तर तो सांगतो, "मस्त आहे, कालच बोललो." मला राघोच्या पोराकडनं कळलं. खोटं बोलता येत नसलेला माणूस, रोज पॅसेंजर भरता भरता एक खोटं बोलतो.

आता मी लिहिते ते सावकाश वाच. मी पण सावकाश लिहिते.

डिसेंबरात तुमच्या इकडच्या युनिव्हर्सिटीतनं पाकीट आलं होतं. रुचिताला तिकडे अजून एक वर्स ठेवायचं आहे, तिकडच्या सरांनी मागितलं आहे, घरच्यांची हरकत आहे की नाही ते कळवा. कागद मराठीत होता. तुझा बाप सकाळी निघायच्या घाईत, साडेसातची गाडी येणार, पॅसेंजर उभे असणार. त्यानं ओटीवर उभ्या उभ्या दोनदा वाचला. मंग सही केली नि सही करता करताच त्याचं पेन संपलं. म्हणजे वाढलं. तो म्हणाला, "आये, खाली दोन चौकोन हायत. वरचा हरकत आहे. खालचा हरकत नाही. खालच्यात बरोबरची खूण कर नि पाकीट बंद करून ठेव. दुपारी शहापूरला टाकतो." मी म्हटलं, "एक वर्स?" तो म्हणाला, "वर्स काय, बघता बघता जातं." नि रिक्षा चालू केली.

मी तुझं निळं पेन घेतलं. हेच.

रुचे, खूण मी वरच्या चौकोनात केली.

तुझ्या बापानं नाय. मी. त्यानं दुपारी पाकीट उचललं नि न बघता टाकलं.

आठ दिवसांनी तुमच्या ऑफिसातनं त्याला फोन आला, तर तो भर दुपारी घरी आला. पाणी पण न पिता म्हणाला, "आये, कुठल्या चौकोनात खूण केलीस?" मी म्हटलं, वरच्या. "चुकून?" मी म्हटलं, अरे, पोर वाटेला लागलेली, तिच्या कागदावर नाही ह्या शब्दापुढं खूण कशी करू, वाईट असतं ते. म्हणून वरच्यात केली. त्यात नाही नव्हतं. तो माझ्याकडं बघत राहिला. मंग हसला की काय केलं कळलं नाय, म्हणाला, "आये, तू पण ना. बरं, मी बघतो."

तो काय बघायच्या आत संध्याकाळी तुझाच फोन आला त्याच्या फोनवर. मी चुलीपाशी होते. तू ओरडत होतीस ते मला तिथंपर्यंत ऐकू आलं. "बाबा, तुमाला काय हरकत होती?" मला वाटलं तो सांगेल, आजीकडनं चुकलं. तो म्हणाला, "होती." तू काय म्हणालीस माहीत नाय. तो परत म्हणाला, "होती म्हंजे होती." नि फोन ठेवून गोठ्यात गेला, गोठ्यात एक शेळी, तिला तीनदा पाणी दाखवलं.

मी इचारलं, तू खरं का नाय सांगितलंस? तर म्हणाला, "तुझ्यावर रुसली तर ती फोन कोणाला करेल?"

हे तुला माहीत पायजे म्हणून लिहिलं.

दुसऱ्या दिवशी तो ती खूण दुरुस्त करायला ऑफिसात जाणार होता. गेला नाय. तिसऱ्या दिवशी पण नाय. तू रागानं तिकडे लिहून दिलंस की मी मार्चला परत जाते, ते ठमीच्या ओटीवर मला सांगितलंस. मी घरी येऊन त्याला सांगितलं, मार्चला येते म्हणाली. त्यानं दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. मी पण खाल्ल्या. मंग मी झिनीचा डबा बाजूला काढला नि त्यानं तुझी खोली सारवून घेतली. पोरगी रडते आहे हे दोघांना माहीत, तरी आमी खुश होतो. असली माणसं आहोत आमी.

आणि आता जे राहिलं ते.

मी सगळ्यांना सांगितलं की नाही हा शब्द नको म्हणून मी वर खूण केली. ठमी म्हणाली बरोबर केलंस, मी पण तेच केलं असतं. वत्सला हसली, म्हणाली आये ती आयेच. मला पण तेच खरं वाटायला लागलं होतं. पण तू रविवारी म्हणालीस ना, सगळ्यांना सांगितलंय माझ्या आजीला वाचता येतं. तेव्हापासनं ते खोटं माझ्या तोंडात टिकत नाय.

मला वाचता येतं. मी ओटीवर बसून बोट ठेवून वाचलं. ह, र, क, त. वर आहे. खाली नाही. दोनदा वाचलं. पेन खालच्या चौकोनावर नेलं पण होतं, तिथं एक निळा ठिपका असेल बघ. मंग हात वर नेला. तुला एक वर्स बघायची नाय, ते मला नको होतं. शुभ-अशुभ नंतर सुचलं.

आणि अजून एक, तुला राग येईल, पण आता लिहायला बसले आहे. आया जाताना येते म्हणाली. तू सप्टेंबरात निघालीस, दारात रिक्षा उभी, दोन बॅगा, तुझा बाप हॉर्न वाजवतो आहे, नि तू माझ्या गळ्यात पडून म्हणालीस, "जाते आजी." परक्या पोरीला येते शिकवलंस नि स्वतः जाते म्हणालीस. घाईत म्हणालीस, मला कळतं. तुला वाटलं मी थंडीला घाबरून रडते.

तू पाच वर्सांची होतीस, तुझ्या आईला ठाण्याच्या हॉस्पिटलात न्यायला गाडी आली होती. ती दारात उभी राहून मला म्हणाली, "जाते आत्याबाई, रुचीला दूध द्या." मी दूध गरम करत होते, मला वाटलं आल्यावर सांगू, असं बोलू नको म्हणून.

हे तुला कधी सांगितलं नाय. सांगून काय करणार होतीस. पण मी तुझ्या तोंडून तोच शब्द त्याच दारात ऐकला, नि अडीच महिने मी रोज मोजत होते, नि मंग तो कागद आला.

हे माफीसाठी लिहिलं नाय. कारण म्हणून लिहिलं.

आता हात दुखतो. उद्या मी मुरबाडला वत्सलाकडं जाते. येते.

—————

१७ जानेवारी, शनिवार

बाय, आले परत. आता सगळं सांगते, नि हे आनंदाचं आहे, म्हणून मोठं लिहीन.

गुरुवारी मुरबाडला गेले. तुझ्या बापाला सांगितलं दोन दिवस राहून येते. वत्सलाला रात्रीच्या जेवणाआधीच सगळं सांगून टाकलं, नायतर माझ्या पोटात राहत नव्हतं. ती म्हणाली, "आये, मला आधीच वाटलं होतं. तुला ल आणि ळ कळतो, नि आहे-नाही कळत नाय होय?" बघ, माझी लेक. हसली तवाच तिला कळलं होतं.

शुक्रवारी सकाळी मुरबाड स्टँडवरनं आमी दोघी कल्याणच्या एसटीत बसलो. एसटीत मला खिडकी मिळाली. कल्याणहून पुढं रिक्षानं तुमच्या युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात. किती मोठी इमारत ती. वॉचमन म्हणाला, "आजी, कोणाला भेटायचंय?" मी म्हटलं, जगाला. वत्सलानं मला कोपरानं ढोसलं. मंग तिनं कागदावरनं वाचलं, आंतरराष्ट्रीय विभाग, दुसरा मजला.

तिथं प्रियांका म्हणून मॅडम आहेत, तुला ओळखतात. भिंतीवर हा एवढा जगाचा नकाशा, नि त्यात टाचण्या टोचलेल्या. ज्या गावी आपली पोरं गेली तिथं तिथं टाचणी. बाकड्यावर पोरी बसलेल्या फायली घेऊन, कोणाला कोरियात जायचं, कोणाला जर्मनीत. एकजण आमच्या मुरबाडकडची निघाली, म्हसा गावची. तिची आजी नको म्हणते. मी तिला म्हटलं, आजीला वाचता येतं का? ती म्हणाली नाय. मी म्हटलं, मंग बरं आहे, तुझं काम होईल.

मॅडमनी मला तुझी टाचणी दाखवली. लाल. मी म्हटलं नि सापगाव कुठं? त्यांनी बोट ठेवलं. तिथं काय नव्हतं. दोन्ही बोटं धरून बघितलं, माझ्या एका हातात तू नि मी दोघी मावत होतो. मला वाटत होतं किती लांब असेल.

मंग मी मॅडमना सांगितलं, खूण मी केली. चुकून नाय. त्या म्हणाल्या, "आजी, असं सांगायला कोणी इतक्या लांबून येत नाही." मी म्हटलं, माझी नात पण बर्फात गेली आहे. त्या म्हणाल्या, कागद नवा देते, पण सही वडिलांचीच लागेल.

आता आली पंचाईत. वत्सला म्हणाली, दादाला फोन लावते. मी म्हटलं लाव. तिनं फक्त सांगितलं, "दादा, मी नि आये तुझ्या पोरीच्या ऑफिसात आहोत." तो म्हणाला, "येतो." दीड तासात आला, खाकी शर्टातच, पॅसेंजर दुसऱ्याच्या रिक्षात बसवून. माझ्याकडं बघितलं नाय. नकाशाकडं बघितलं. मॅडमनी दाखवायच्या आधी त्यानं तुझी टाचणी शोधली.

कागदावर लिहायचं होतं. तो सही करायला वाकला, तर मी म्हटलं थांब. वर मी लिहिते, खाली तू सही कर. ह्या वेळेस चौकोन नाय, अक्षरात लिहायचं होतं. मी लिहिलं, 'माझ्या नातीला अजून एक वर्स तिकडे शिकायला ठेवायला आमची काय हरकत नाय.' मॅडमनी वाचलं नि म्हणाल्या, "आजी, इथे नाही असं लिहा." मी म्हटलं, बाई, हा शब्द लिहायला मला महिना लागला, नि आमच्यात तो असाच म्हणतात. त्यांनी परत वाचलं. तोंडावर हात ठेवला. मंग तारीख घातली नि शिक्का मारला.

त्या म्हणाल्या, तुला मेल करतील. पण तूच येते म्हणून लिहून दिलं आहेस, तर राहायचं असेल तर तुला परत लिहून द्यावं लागेल, पंधरा फेब्रुवारीच्या आत. म्हणजे आता चौकोन तुझ्याकडं आहे. आमच्यापैकी कोणी तुझा हात धरणार नाय.

खाली येऊन आमी तिघांनी उसाचा रस घेतला. तुझा बाप गिलास धरून उभा. म्हणाला, "म्हंजे आता मार्चला नाय येणार." मी म्हटलं, नाय. तो म्हणाला, "हं." रस तसाच राहिला, वत्सलानं प्याला.

घरी आलो तर संध्याकाळ होती. कोणाचा फोन आला नव्हता, तरी त्यानं बादली भरली नि रिक्षा धुवायला घेतली. मी ओटीवर बसून बघत होते. मी म्हटलं, दिपेश, माझ्यावर रागावलास का? तर फडका पिळत म्हणाला, "आये, तू वर खूण केलीस तवा मी पण मनातनं तिथंच केली होती. माझं पेन नव्हतं, एवढंच."

म्हणून तू त्याला फोन कर. त्याच्या फोनवर. ठमीच्या नको. काय बोलायचं सुचलं नाय तर जेवलात का इचार, तो सांगेल मासे. रिक्षाचा रंग जायला आला गो, धुवून धुवून.

झिनीचा डबा मी परत कणगीत ओतला नाय. तांदूळ जुना झाला की अजून मोकळा होतो, एक वर्सानं तर फारच चांगला. तुझी खोली मी मधनं मधनं उघडते, वारा लागायला. आता सकाळी जाग आली की हिशेब करते, तुमच्याकडं साडेतीन तास आधी उजाडतं. म्हंजे मी उठायच्या आधी माझ्या पोरीनं ह्या दिवसाची सकाळ बघून ठेवलेली असते. मंग मला उठायला बरं वाटतं. आयाला सांग, तुझा एक चप्पलचा जोड चिखलात सापडला, धुवून ठेवला आहे, न्यायला ये.

आणि ती वरची रेघ. दुसरी पण. मी आता त्या दोन्ही खोडल्या आहेत, बघ. सभेत वाचायचं तर सगळं वाच. आजी अशी पण असते हे तिकडच्या पोरांना कळू दे, त्यांच्या पण असतीलच. फक्त बापाच्या नावापाशी जरा मोठ्यानं वाच.

शेवटी एकच मागते. फोन ठेवताना, पत्र संपवताना, कुठनं पण निघताना तो एक शब्द बदल. एक वर्सानं का होईना, दोन वर्सानं का होईना, तो शब्द मी ऐकून ठेवीन.

मी पण आता पत्र बंद करते म्हणत नाय.

येते.

तुझी,
काय हरकत नसलेली,
आजी

(गिरजा. हे मीच लिहिलं, कोणाकडनं लिहून घेतलं नाय.)